स्थिर उजेड

सिग्नल लाल होता. पुढच्या ट्रकच्या मागच्या फळीवर साचलेल्या धुळीत कुणीतरी बोटाने मासा काढला होता आणि स्टिअरिंगवर हात ठेवून तो त्या माशाच्या डोळ्याकडे बघत होता, कारण डोळा चुकीच्या जागी होता, पार शेपटीकडे सरकलेला. एवढ्यात शेजारच्या सीटवर बसलेल्या बाबांनी खिडकीची काच खाली करता करता सहज विचारलं, "कुठे चाललोय रे आपण?"

तो हसला. मागच्या सीटवर हवेच्या दोन टाक्या, ओल्या रबराचा वास मारणारे दोन पोशाख, कॅमेऱ्याची जाड पेटी, आणि पुढे मांडीवर स्वतःच्या हाताने नळी बसवलेला दिवा तान्ह्या पोरासारखा घेऊन बसलेला माणूस विचारतो, कुठे चाललोय. बाबांना असले प्रश्न विचारायची सवयच होती. भर पावसात छत्री उघडून विचारायचे, पाऊस आहे का रे. "लग्नाला," तो म्हणाला. बाबाही हसले. पण ते हसू किंचित उशिरा आलं. आधी त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तिथे हसू सापडलं तेव्हा ते उचलून आपल्या चेहऱ्यावर लावलं, असं काहीतरी झालं. दुसऱ्या कुणाच्या ते लक्षातही आलं नसतं. त्याच्या आलं, कारण क्षणाच्या चिमटीएवढ्या तुकड्यावर त्याचा सगळा धंदा उभा होता. मग सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न वाजायला लागले, आणि त्याने गाडी पुढे घेतली. घराकडे वळवली नाही. ट्रक डावीकडे गेला, तो उजवीकडे, बंदराच्या रस्त्याला.

आज नाही तर मग नाही, हे खरं होतं. समुद्राच्या संग्रहालयात नवं दालन होत होतं आणि तिथल्या संशोधक बाईंना एक अख्खी भिंत भरेल एवढा फोटो हवा होता. देवमासा नको, शार्क नको, ते सगळ्यांकडे असतं. त्यांना याच गढूळ बंदरातलं, रोज हजारो माणसं ज्याच्या डोक्यावरून फेरीबोटीने ये-जा करतात असं काहीतरी हवं होतं. ते त्याला सापडलं होतं. जुन्या धक्क्याच्या खांबांखाली गाळात रुतलेली एक काचेची बाटली, आणि तिच्यात करंगळीच्या पेराएवढा पिवळा मासा. बाटलीच्या आतल्या अंगाला त्याची अंडी चिकटलेली, तांदळाच्या कणीहून बारीक, एकाशेजारी एक उभी. गेल्या खेपेला ती नुसती दुधाळ होती. बाई म्हणाल्या होत्या, आता डोळे येतील. चांदीसारखे. डोळे आले की एखाद्या संध्याकाळी सगळी फुटतात आणि पोरं समुद्रात निघून जातात. "डोळे आलेले आणि फुटलेली नाहीत, एवढ्या फटीत तुम्हाला काढावा लागेल फोटो," बाई म्हणाल्या होत्या, आणि वर, "जमेल ना?" हा 'जमेल ना' त्याला झोंबला होता. शिवाय फेरीबोटी आठवड्यातून एक सकाळ बंद असतात आणि ती सकाळ आज होती.

आणि दिवा धरायला बाबांशिवाय कोण होतं? लोकांना वाटतं पाण्याखाली फोटो काढायचा म्हणजे कॅमेरा हवा. कॅमेरा काय, दुकानात मिळतो. हवा असतो उजेड, आणि तोही समोरून नाही. समोरून दिवा मारला की पाण्यातला प्रत्येक कण उजळतो आणि फोटोत नुसता बर्फ पडतो. उजेड यायला हवा बाजूने, तिरका, नळीतून काढलेला, नाण्याएवढा, आणि तो नेमका त्या जिवावर पडायला हवा. कॅमेरा दोन्ही हातांत, मग दिवा तिसऱ्या हातात. तो तिसरा हात म्हणजे बाबा. पाणबुड्यांच्या क्लबातली एकदोन माणसं त्याने आजमावून पाहिली होती. एक जण दिवा असा हलवायचा की वरातीत नाचतोय. बाबांनी उभी हयात जहाजांचे तळ आणि धक्क्यांचे खांब तपासण्यात घालवली होती. पेशाने पाणबुड्या. निवृत्त झाल्यावर घरात त्यांचा जीव रमेना, आईच्या पायात पायात यायचे, तेव्हा आईनेच सांगितलं होतं, "ह्यांना घेऊन जात जा रे तुझ्याबरोबर. तेवढेच मोकळे होतील." तेव्हापासून बाप-लेकाची जोडी. वरून बाबा चेष्टा करायचे. "मी आगबोटी बघितल्या आयुष्यभर, आणि माझा पोरगा बघतो काय, तर उवा." लहानपणी तो फरशीवर पालथा पडून मुंग्या बघत बसायचा म्हणून त्यांनी त्याचं नाव भिंग्या पाडलं होतं. अजूनही चारचौघांत हाक मारायचे, भिंग्या.

गाडीत तो त्यांच्याशी बोलला नाही. बोललं की काहीतरी ऐकू येईल अशी धास्ती होती. त्याऐवजी डोक्यात एकेक बारीक गोष्ट वर यायला लागली, गाळ ढवळला की येते तशी. मागे बाबांनी शेजाऱ्याला त्यांच्या गेलेल्या मित्राच्या नावाने हाक मारली होती आणि शेजारी बिचारा ओ देऊन मोकळा झाला होता. एकदा अंघोळ करून आले आणि थोड्या वेळाने पुन्हा टॉवेल घेऊन निघाले. आई पटकन म्हणाली होती, उकडतंय ना आज. उकडत नव्हतं. त्याला तेव्हाही ते माहीत होतं. म्हातारपण म्हटलं की हे आलंच, त्याचा बाऊ कशाला, असं म्हणून त्याने ते सोडून दिलं होतं. मुंगीची मिशी दिसणाऱ्या माणसाला हे दिसलं नव्हतं असं नाही. त्याने त्यावर नजर रोखली नव्हती, इतकंच. एखाद्या गोष्टीवर नजर रोखायची नाही असं ठरवलं की ती कितीही जवळ असली तरी धुरकटच राहते.

धक्क्यावर पहारेकऱ्याने साखळी काढली. "आज बाप-लेक लवकर?" तो म्हणाला. बाबांनी त्याला नेहमीसारखा हात केला, "पोराला उवा काढायच्यात." पहारेकरी हसला. पोरालाही हायसं वाटलं, इतकं की स्वतःचीच लाज वाटली. पोशाख चढवताना तो बाबांच्या हातांकडे चोरून बघत राहिला. हात एकदाही अडले नाहीत. पट्टा, बक्कल, टाकीची तोटी पूर्ण उघडून किंचित मागे, मास्कला आतून थुंकी, हवेच्या काट्यावर नजर. मग बाबांनी त्याची टाकी तपासली आणि खेकसले, "हा पट्टा कुणी लावला? पाण्यात टाकी निसटली म्हणजे मग काय, फोटो काढशील तिचा?" पट्टा खरंच सैल होता. त्याने मुकाट्याने आवळून घेतला. तरीही पाण्याच्या कडेला बसल्यावर त्याच्याने राहवलं नाही. सहज विचारल्यासारखं करून तो म्हणाला, "बाबा, आज काय बघायचंय आपल्याला?"

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं. या वेळी उशीर नव्हता. "तो बाटलीतला बाप," ते म्हणाले. "आई कुठे उंडारतेय कोण जाणे, आणि हा बसलाय अंड्यांना वारा घालत." आणि मास्क खाली ओढून, एका हाताने तो दाबून धरत, पाठीवर कलून ते पाण्यात गेले. एवढा मोठा माणूस, पण पाण्याचा आवाजसुद्धा फारसा झाला नाही.

त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं. बघ, काही झालेलं नाही. नसता संशय. तोही मागोमाग उतरला.

खाली पाणी फिकट हिरवं, उकळून निवलेल्या पाल्यासारखं. चार हातांपलीकडचं फारसं दिसत नव्हतं. धक्क्याचे खांब वरून उतरत आणि गाळात नाहीसे होत. बाटली सापडायला वेळ लागला नाही. बाटलीच्या तोंडाशी पिवळा ठिपका आला, थांबला, आत गेला. तो गाळापासून वीतभर वर तरंगत राहिला, पाय मागे, पायांतले रबरी पंख वर उचललेले, म्हणजे गाळ उडणार नाही. घाई केली की सगळं गेलं. आधी नुसतं थांबायचं. त्या जिवाला कळलं पाहिजे की हा जो भलामोठा डोंगर समोर आलाय तो खात नाही. मग वीतभर पुढे. पुन्हा थांबायचं. वरून बघायचं नाही, वरून फक्त शत्रू बघतात. खाली, अगदी त्याच्या डोळ्यांच्या पातळीला जायचं. त्याने काहीच न उगवलेल्या दगडावर एक बोट टेकवलं, एकच. बाबा डाव्या अंगाला आले, दिव्याची नळी बाटलीच्या कडेला धरली, आणि काचेच्या आत एकदम उधळपट्टी व्हावी तसा उजेड सांडला.

डोळे आले होते. प्रत्येक अंड्यात दोन. चांदीचे, बाहेर बघणारे. शंभर असतील, दोनशे असतील, सगळे त्याच्याकडे बघत होते.

इतक्या जवळ गेल्यावर स्पष्ट दिसणारी जागा नखाच्या जाडीएवढीही उरत नाही. तिच्या पुढे धूर, तिच्या मागे धूर. नवशिके भिंग फिरवत बसतात आणि मासा पळून जातो. त्याने भिंग एका जागी पक्कं केलं होतं आणि आता स्वतःच पुढे-मागे डोलत होता, केसाएवढा पुढे, केसाएवढा मागे, फक्त श्वासाने. श्वास घेतला की अंग किंचित वर उचललं जातं, सोडला की खाली येतं. अंडी धुरातून वर यायची, क्षणभर टोकदार व्हायची, पुन्हा धुरात. त्या क्षणभरात बोट दाबायचं. त्यात पुन्हा उजेडाचीही एक चाल असते. दिवा धरणारा माणूस श्वास घेतो, म्हणून उजेडही श्वास घेतो. तो ठिपका थोडा पसरतो, थोडा आवळतो, काठावर थरथरतो. बाबांची ती चाल त्याला पाठ होती. लांब, संथ, मध्ये एक विसावा. त्या विसाव्यातच तो बोट दाबायचा. दोघांचे श्वास जुळायला दरवेळी थोडा वेळ लागायचा आणि जुळले की मग बोलायचं काही उरायचं नाही. जमिनीवर त्या दोघांना इतकं धड कधी जमलं नव्हतं. जमिनीवर बाबा दरडावायचे आणि तो घुम्यासारखा बसायचा. कुठली नोकरी सोडलीस, का सोडलीस, उवांचे फोटो काढून पोट भरतं का. इथे खाली ते सगळं वर राहायचं.

पिवळा मासा परतला आणि अंड्यांसमोर उभा राहून कल्ल्यामागचे पंख हलवायला लागला. वारा घालत होता. अंडी हलली की चांदीचे डोळे लुकलुकायचे. त्याने एक काढला. चुकला, माशाची शेपटी मध्ये आली. दुसरा. उजेड जरा मागे पडला. तिसरा बरा होता. त्याला भिंतीएवढा हवा होता. भिंतीएवढा करताना केसभर चूक हातभर होते. तो आणखी जवळ गेला, इतका की कॅमेऱ्याच्या काचेत आणि बाटलीच्या काचेत बोटभर अंतर उरलं. आता त्याला बाटलीही दिसत नव्हती. मासा आणि डोळे. डोळे आणि मासा. आणि मग सगळं जुळून आलं. अंग स्थिर झालं, पाणी स्थिर झालं, उजेड बसला तो बसलाच, हलेना, थरथरेना. माशाने तोंड वळवलं, त्याचा एक डोळा नेमका त्या नखाएवढ्या जागेत आला आणि मागे अंड्यांचे शेकडो डोळे. बोट दाबलं. पुन्हा. पुन्हा. असं आजवर एकदाही झालं नव्हतं. हा, हाच तो फोटो. पुन्हा. त्याला हसायला आलं आणि तोंडातल्या नळीच्या कडेने थोडं पाणी आत आलं. बाबा आज काय धरलाय हो तुम्ही दिवा, तो मनात म्हणाला, अगदी खिळा ठोकल्यासारखा.

आणि त्या शब्दावर त्याचं मन अडखळलं. खिळा ठोकल्यासारखा.

उजेड श्वास घेत नव्हता.

त्याने कॅमेऱ्यावरून डोळा काढला. दिवा होता. दोन दगडांच्या फटीत नीट पाचर मारल्यासारखा बसवलेला, नळी बाटलीकडे रोखलेली, अगदी हव्या त्या कोनात. दिव्यामागे कुणी नव्हतं.

पहिल्यांदा त्याने काहीच केलं नाही. बघत राहिला. दिवा इतका व्यवस्थित ठेवला होता की तो ठेवणारा इथेच कुठेतरी असणार, हात मोकळे करायला गेला असणार, असं वाटत राहिलं. मग कळलं की आपल्याला फक्त आपल्याच बुडबुड्यांचा आवाज येतोय. केव्हापासून? ते त्याला सांगता येईना. काळ मोजायला त्याच्याकडे फोटोंशिवाय काहीच नव्हतं. तो गर्रकन वळला, पंख गाळात बसले आणि सगळीकडे तपकिरी ढग उठला. मागे नाही. वर नाही. त्याने पट्ट्यातली धातूची कडी काढून टाकीवर आपटली. टण, टण, टण. थांबला. नियम असा की जोडीदार दिसेनासा झाला तर थोडा वेळ बघायचं आणि वर यायचं. नियम बाबांनीच शिकवलेला. पण वर गेल्यावर बाबा तिथे नसले तर? वरून हे पाणी म्हणजे हिरवी फरशी, आणि त्या फरशीखाली कुठे शोधणार होता तो? पहारेकऱ्याला काय सांगणार होता? आईला काय सांगणार होता? सिग्नलवर कळलं होतं मला, हे सांगणार होता? कुठे चाललोय रे आपण, असं त्यांनी मला विचारलं होतं, आणि मी म्हणालो, लग्नाला.

तेव्हा त्याला ऐकू आलं. टक, टक. मग थांबून टक, टक, टक. दगडावर काहीतरी आपटल्यासारखं. पाण्यात आवाजाला दिशा नसते, तो सगळीकडूनच येतो, आपल्याच कवटीतून आल्यासारखा. कॅमेरा त्याने तिथेच गाळात सोडला आणि तो खांबाकडे गेला, त्या खांबावरून पुढच्या, मग त्याच्या पुढच्या. शिंपल्यांच्या धारेने तळहात कापला. रक्त हिरवट काळं दिसलं. टक, टक. आवाज मोठा होत होता की तो घाबरत होता, कळत नव्हतं. धक्क्याच्या पार टोकाला, जिथे तळ खाली उतरतो आणि पाणी गार होतं, तिथे खांबाला बिलगून बाबा होते. डाव्या हाताने खांब चाचपत होते आणि उजव्या हातात सुरी उलटी धरून तिच्या मुठीने ठोकत होते. ठोकायचं, कान द्यायचा, हातभर खाली सरकायचं. मजेत, तब्येतीने. खांब आतून पोकळ झालाय का बघायची ती रीत. या पाण्यात ते आयुष्यभर हेच करत आले होते.

तो समोर गेला. बाबांनी मान वर केली. मास्कच्या काचेतून त्यांचे डोळे त्याला स्पष्ट दिसले, त्या अंड्यांतले दिसले होते तितके स्पष्ट, आणि त्या डोळ्यांत तो नव्हता. कुणीतरी कामगार आलाय, एवढंच होतं. बाबांनी हाताने खूण केली, थांब. आणि पुन्हा ठोकायला लागले. त्याने त्यांच्या हवेचा काटा उचलून पाहिला. काटा लाल पट्ट्यात पार तळाला टेकला होता. तो त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, अंगठा वर केला, वर चला. बाबांनी त्याचा हात बाजूला सारला, कामात अडथळा आणणाऱ्या माणसाचा सारावा तसा. त्याने त्यांना खांद्याला धरलं. बाबांनी झटका दिला. त्या झटक्यात राग होता आणि ताकदही होती, आणि त्याला कळून चुकलं की ओढाताण झाली तर हा माणूस आपल्याला ओळखणार नाही, लढेल, उरलीसुरली हवा त्यात जाईल आणि कदाचित दोघंही इथेच राहतील. एकाएकी, अगदी शांतपणे, त्याच्या डोळ्यांसमोर लहानपणीच्या खेळातला पलंग आला. तो पलंगाखाली आणि बाबा पलंगावर. त्याच्या मनगटाला आईच्या शिवणाच्या डब्यातली दोरी, दुसरं टोक बाबांच्या हातात. बाबांच्या काळी पाण्यात उतरलेल्या माणसाशी वरून बोलायला दोरीशिवाय काही नव्हतं. एक झटका, बरा आहेस ना. दोन झटके, दोरी सैल सोडतोय. चार झटके, असशील तिथून वर ये, वाद नको. पलंगाखाली अंधार असायचा आणि वरून झटके यायचे आणि त्याचेही परत द्यायचे असायचे, नाहीतर वरच्याला कसं कळणार, खालचा जिवंत आहे.

त्याने बाबांचं मनगट पकडलं. खांदा नाही, मनगट. आणि खाली ओढलं. एक, दोन, तीन, चार.

सुरी हवेत थांबली, म्हणजे पाण्यात. बाबांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. मग वर, जिथे त्यांच्या लेखी दोरी धरलेला माणूस असणार तिथे. सुरी म्यानात घातली, बटण लावलं, आणि उलट चार झटके दिले, नीट, समान, हुकूम मिळाला असं सांगणारे.

ते वर निघाले. बाबा एका हाताने खांबाच्या कडेकडेने, अजिबात घाई न करता. अर्ध्या वाटेत त्यांचा श्वास ओढल्यासारखा यायला लागला, टाकी संपत आली होती. त्याने स्वतःच्या टाकीची जादा नळी त्यांच्या तोंडापुढे धरली. बाबांनी आपली काढली, त्याची घेतली, बुडबुडे सोडले, मान हलवली, बरोबर. पृष्ठभागाखाली थोडं थांबायचं असतं, तिथे दोघं एका टाकीवर, एकमेकांचे पट्टे धरून लटकत राहिले, छातीला छाती लागून. त्याच्या मुठीत बाबांचा पट्टा इतका घट्ट होता की वर आल्यावर बोटं उघडेनात.

पाण्याच्या वर ऊन होतं. बाबांनी मास्क कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "तो खांब आतून गेलाय. वर कळवायला हवं." मग त्याच्याकडे बघून, थोडे गोंधळून, "तू कधी आलास?"

"आत्ताच," तो म्हणाला.

कॅमेरा आणायला त्याला एकट्याला पुन्हा उतरावं लागलं. बाबांना पहारेकऱ्याच्या खोलीत बसवलं, त्यांच्या हातात चहा दिला, पहारेकऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, यांना कुठे जाऊ देऊ नका. खाली दिवा तसाच जळत होता. मासा वारा घालत होता. त्याने एकही फोटो काढला नाही, दिवा विझवला, दोन्ही उचललं आणि तो वर आला. परतीच्या वाटेवर बाबा अगदी नेहमीसारखे होते. रस्त्यावरच्या खड्ड्यांना शिव्या दिल्या. मग म्हणाले, "काय रे भिंग्या, आले का फोटो?"

"आले."

"चांगले?"

"फार चांगले, बाबा," तो म्हणाला, आणि ते खरं होतं, आणि त्याला गाडी कडेला घेऊन थांबावंसं वाटलं.

घरी आल्यावर बाबा लगेच आडवे झाले आणि घोरायला लागले. आई स्वयंपाकघरात होती. त्याने दार लोटून घेतलं आणि तिला सांगायला सुरुवात केली, कुठून करायची कळेना म्हणून खांबापासून केली. आई ओट्याला टेकून ऐकत राहिली. मधे एकदाही 'काय सांगतोस' म्हणाली नाही. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"मला वाटलं तुलाही माहीत असेल," आई म्हणाली. "तुला एवढं बारीक बारीक दिसतं."

"मग पाण्यात का पाठवत होतीस त्यांना?"

"पाण्यात ते नीट असतात असं वाटायचं मला. घरी आले की दोन दिवस बरे असायचे. बोलायचे." ती ओट्यावरचं कोरडंच फडकं पिळत होती. "आणि तुम्ही गेलात की मी दार लावून झोपायची. तेवढीच झोप मिळायची रे मला. रात्री उठून दार उघडतात हे. कामाला जायचंय म्हणतात. मी जागी राहते." मग त्याच्याकडे न बघता, "मी तुझ्या गळ्यात घालत होते त्यांना. खोटं कशाला बोलू."

दिवा धरायला माणूस हवा म्हणून मी नेत होतो, हे त्याच्या ओठांवर आलं, पण ते बोलणंही आत्ता स्वतःचीच सोय बघितल्यासारखं झालं असतं. तो तिच्या शेजारी ओट्याला टेकून उभा राहिला. खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता. लांब, संथ, मध्ये एक विसावा. दोघंही त्या विसाव्यात दरवेळी कान टवकारत होती आणि आवाज पुन्हा सुरू झाला की सैल पडत होती.

डॉक्टरांकडे जाऊन झालं. डोक्याचे फोटो काढून झाले. संशोधक बाईंना त्याने फोटो पाठवला तेव्हा त्यांचा फोन आला आणि त्या बराच वेळ नुसत्या "अहो, अहो" म्हणत राहिल्या. उजेड कसला पडलाय, म्हणाल्या, कसा जमवलात? तो म्हणाला, बाबांनी जमवला. बाईंना तो नम्रपणा वाटला.

फेरीबोटी बंद असण्याच्या पुढच्या सकाळी तो आई-बाबांकडे गेला तर बाबा दाराशी स्टुलावर तयार होऊन बसले होते. बूट घातलेले, नाड्या बांधलेल्या, पायाशी पिशवी. त्याला पाहून उठले. "चल, उशीर केलास."

"आज नाही, बाबा."

"का? वारा आहे?"

"वारा नाही."

"मग?"

आत आईने नळ बंद केला. गाडी बिघडलीय, परवानगी मिळाली नाही, बाईंनी काम पुढे ढकललंय. येताना त्याने तिन्ही सबबी तयार करून आणल्या होत्या आणि तिन्ही चालल्या असत्या. पुढच्या वेळीही चालल्या असत्या. बाबा प्रत्येक सकाळी बूट घालून बसले असते. ते पुन्हा स्टुलावर टेकले. तो त्यांच्यासमोर जमिनीवर बसला.

"काही चुकलं का माझं?" बाबांनी विचारलं. आवाज बारीक होता. असा आवाज त्याने त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"गेल्या खेपेला तुम्ही दिवा दगडात ठेवलात आणि निघून गेलात. मला न सांगता. पार टोकाच्या खांबाशी होतात. ठोकून बघत होतात. टाकी संपली होती तुमची."

"मी?"

"हो."

"दिवा सोडून?"

"हो, बाबा."

बाबांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं, पुढून, मागून. आता ते नाही म्हणतील, रागावतील, असं त्याला वाटलं. ते म्हणाले, "तुला किती वेळाने कळलं?"

"मी फोटो काढत होतो."

"ते नाही विचारलं मी."

"बऱ्याच वेळाने," तो म्हणाला. "उशिरा. फार उशिरा कळलं मला."

बाबांची पाठ ताठ झाली. खाली माणसं उतरवण्याआधी ज्या आवाजात ते एकेकाला विचारायचे, तो आवाज बाहेर आला. "मग मी तर उतरायचं नाहीच. पण तूही उतरायचं नाहीस. धड जोडीदार मिळेपर्यंत. दिवा धरणारा नव्हे, तुझ्याकडे बघणारा. समजलं?"

"समजलं."

"मोठ्याने."

"समजलं, बाबा."

"आईला सांगून ठेव. मी विसरीन." असं म्हणून ते वाकले आणि बुटाची नाडी सोडायला लागले. एक बूट निघाला. दुसऱ्याच्या गाठीपाशी हात थांबला आणि ते दाराकडे बघत राहिले, नाडी तशीच बोटांत. त्याने हात पुढे केला नाही. उठलाही नाही. तिथेच फरशीवर मांडी घालून बसला. काही वेळाने बोटं पुन्हा हलायला लागली, गाठ शोधत.